शिसपेन्सिल

मला निवडून दिलं म्हणणं जरा जास्तच होईल.
मी चहाचे पैसे द्यायला खाली उतरले होते,
वर आले तेव्हा ठराव मंजूर होता.
सूचक लोटलीकर, अनुमोदक घागबाई.
विरोधात कुणी नाही, कारण विरोध करणाऱ्यालाच
अध्यक्ष व्हावं लागलं असतं.

एकोणीस सभासद, फोर्टातला एक पोटमाळा,
महिन्याचा तिसरा शनिवार.
मावळत्या अध्यक्ष मिस्किटाबाईंनी
बिस्किटांचा एक चेपका डबा माझ्या हाती दिला.
आत रबरी शिक्का, पावतीपुस्तक, दोन डांबरगोळ्या
आणि मंडळाच्या इतिवृत्ताची वही,
जिची मधली चार वर्षं कसरीने खाल्लेली.
‘जगाचं जपलं,’ त्या म्हणाल्या, ‘आपलंच राहिलं बघ.’
आणि वाकोल्याला घरी गेल्या.

मला वाटलं होतं, अध्यक्षपण म्हणजे
वर्षातून एकदा हार, दोनदा आभार,
आम्लरहित कागद घाऊक भावात कोण देतो याची चौकशी.
पण पहिल्याच सभेत सुगंधा कोळंबकर उभी राहिली.
अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी.
लालबागच्या एका बंद गिरणीची हजेरीबुकं तिच्याकडे,
दोनशे बारा.
विश्वस्त म्हणाले, स्कॅन झालीत, आता रद्दीत काढा.
ती म्हणाली, पानांच्या पाठी स्कॅन झालेल्या नाहीत,
आणि मुकादम पाठीवरच लिहायचा:
कुणाची बायको बाळंत, कुणी कुणाकडून सात रुपये उसने,
कुणाचं बोट साच्यात गेलं.
हे ती आम्हांला सांगत होती.
त्याआधी विश्वस्तांना सांगून झालं होतं.
करार पुढे वाढला नाही.

मग पंख्याचा आवाज.
पेणकरांची निवृत्ती सात महिन्यांवर.
हुफ्रीशचं अनुदान अडकलेलं.
लोटलीकरांचे विश्वस्त तेच.
आमचा पेशाच असा, दुसऱ्याने केलेल्याला
तारीख घालायची, खोक्यावर क्रमांक टाकायचा.
स्वतः काही करायचं
तर कुठल्या शीर्षकाखाली नोंदवायचं, ते ठाऊक नाही.

मी घरी पत्र लिहिलं. तीन खर्डे झाले,
तिन्ही ठेवलेत (खोड).
खाली शाईने सही केली,
सहीखाली अठरा ओळी मोकळ्या आखल्या.
पुढच्या तिसऱ्या शनिवारी ते टेबलावर ठेवलं,
भाषण केलं नाही,
आणि चहाचे पैसे द्यायला खाली उतरले.
या वेळी मुद्दाम. चहावाल्याशी
त्याच्या मुलीच्या बारावीबद्दल बोलत बसले
नको तितका वेळ.

वर आले. अकरा सह्या.
सगळ्या शिसपेन्सिलीने.

रागच आला मला.
वाचनकक्षात शाई नेत नाही आपण, मान्य.
पण ही सवय, की उद्या खोडता यावं ही सोय?
विचारणार होते. पेणकर माझ्याकडे न बघता
पेन्सिलीला टोक करत होते,
सही करून झाल्यावरही.

तेव्हा आठवलं ते तळघर. पाइप फुटला होता.
मी नि मिस्किटाबाई रात्रभर टिपकागद घालत होतो
एकेका पानामध्ये.
मोठमोठ्या साहेबांच्या लफ्फेदार सह्या
निळ्या थारोळ्यात विरघळून गेल्या,
आणि समासात कुण्या कारकुनाने शिसाने टिपलेले आकडे
जिथल्या तिथे.

मी काही विचारलं नाही.
शिक्का मारला. सात ओळी रिकाम्या राहिल्या,
त्यांवर काट मारली नाही.
त्यांतली एक सुगंधाची.
‘माझंच प्रकरण, बरं दिसत नाही,’ म्हणाली.

त्या दिवशीचं इतिवृत्त मीच लिहिलं:
हजर एकोणीस. सह्या बारा.
पत्र हातपोच दिलं, पोच मिळाली, उत्तर नाही.
हजेरीबुकं अजून जागेवर, असं कळतं.
चहा एकोणीस,
पैसे अध्यक्षांनी दिले.